वॉशस्टँडवरचा दगड

माझा एक मित्र आहे आणि मी त्याच्यावर जळतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल काही चांगलं लिहिलं, तर ते किती जिवावर आलं असेल हे तुमच्या लक्षात येईल.

आम्ही दोघं म्हसवड आणि आटपाडीच्या मधल्या एका गावचे. दोघांच्याही घरी मेंढरं, शाळेत बाक एकच. दहावीनंतर त्याच्या मामानं त्याला कोलकात्याला गलाईच्या दुकानात नेलं. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून त्यातलं हीण काढायचं काम. आमच्या भागातली कितीतरी पोरं त्यापायी देशभर पांगली आहेत. माझा मामा मेंढरंच राखत होता, त्यामुळे मी इथेच राहिलो आणि पुढे साताऱ्यात जुन्या फर्निचरचं दुकान टाकलं. त्यानं गावात दुमजली बंगला बांधला. वर्षातून एकदा जत्रेला येतो, चार दिवस राहतो, मला बोलावून घेतो आणि मटणाचं पहिलं ताट माझ्यापुढे ठेवतो. उरलेलं वर्ष त्या बंगल्यात पाली राहतात.

बंगल्याचं मला काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण ते सोसतं. सोसत नाही ते दिवाणखान्यातलं वॉशस्टँड. घरात नळ येण्याच्या आधी गोरे साहेब झोपायच्या खोलीत ज्यावर पाण्याचा जग आणि तोंड धुवायचं भांडं ठेवत, ते बुटकं कपाट. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, महोगनीचं, वर पांढरा इटालियन संगमरवर. कोलकात्यातल्या एका जुन्या घराचं सामान निघालं तेव्हा त्यानं ते घेतलं आणि ट्रकनं गावी आणलं. माझी हयात पाचगणी-महाबळेश्वरचे बंगले धुंडाळण्यात गेली. वॉशस्टँड मलाही मिळाली, पण एकावरही स्वतःचा दगड नव्हता. कुणाचा फुटून गेलेला, कुणावर सनमायका ठोकलेला, एकावर तर चक्क ओट्याचा कडप्पा. आणि ज्याला महोगनी आणि बाभूळ यातला फरक कळत नाही, तो हा बाबा त्यावर टीव्ही ठेवतो! शेजारी प्लॅस्टिकची फुलं.

यंदा जत्रेला त्याचा फोन आला तो वेगळ्याच आवाजात. "येताना बॅटरी घिऊन ये. काम हाय."

मी दुकानाचा टेंपो घेऊन गेलो. जाता-येता कुठे काही जुनं मिळालं तर टाकायला बरा पडतो. दिवाणखान्यात शिरलो आणि दारातच थबकलो. वॉशस्टँडचा दगड नव्या बाथरूमसारखा लखलखत होता.

"फरशीला पालिश करनारी मानसं आल्ती," वहिनी म्हणाल्या. "म्हनलं, जाता जाता ह्येच्यावरनं बी मशिन फिरवा. लय डाग हुते, भावजी. गोल गोल. किळस यायची."

ते गोल डाग पाण्याच्या जगाच्या बुडाचे होते. शंभरावर वर्षांपूर्वी कुणीतरी वर्षानुवर्षं रोज ओला जग तिथे ठेवला होता, तेव्हा कुठे ते पडले होते. दर जत्रेला मी गुपचूप त्यांच्यावरून बोट फिरवायचो. मी चहा प्यायलो.

खरी अडचण पुढे होती. जत्रेला आलेला जो तो तो चकचकाट बघून म्हणत होता की दगड नवा आहे, कोलकात्याच्या लोकांनी तुला टोपी घातली. मित्राचं तोंड एवढंसं झालं होतं.

"सोन्याची पारख करनारा मानूस मी," तो म्हणाला, "आन् दगडात फसलो म्हनत्यात. तू बघ. खरं काय आसंल त्ये सांग. डुप्लिकेट निगाला तर आत्ताच्या आत्ता तुज्या टेंपोत टाक. मला डोळ्यासमूर न्हाई पायजे."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. एका शब्दाचं काम होतं. टेंपो दारात उभा होता. त्यातून मला मनापासून वाटत होतं की दगड खरोखरच खोटा निघावा. तसं झालं असतं तर खोटंही बोलावं लागलं नसतं, आणि शाळेपासून पुढे धावणारा हा माणूस एकदा तरी तोंडावर पडलेला दिसला असता.

टीव्ही उतरवला. आधी मी कड पाहिली. दगडाच्या कडेला पन्हळीसारखी नक्षी होती आणि त्या खोलगट भागात मशिन पोचलं नव्हतं. तिथे जुन्या दातांसारखा पिवळेपणा शिल्लक होता. वाईट वाटलं. पण कड म्हणजे सगळं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग दगड उचलायचा ठरवला. संगमरवर आडवा उचलला तर मधोमध मोडतो. काचेसारखा उभा करून न्यावा लागतो. एका बाजूला तो, एका बाजूला मी. चार पावलं चालताना माझ्या मनात आलं, हात निसटला तर कोण काय म्हणणार? मी तो आणखी घट्ट धरला. का, ते मलाही सांगता येणार नाही.

भिंतीला टेकवून मी पाठीवर बॅटरी मारली. आजच्या दगडाची पाठही सपाट निघते, जाडी सगळीकडे सारखी. इथे करवतीचे चरे होते, छिन्नीचे घाव होते, आणि जाडी घाईत थापलेल्या भाकरीसारखी, एका कडेला जास्त. चारी बाजूंनी तपकिरी पट्टा, लाकडावर टेकून टेकून पडलेला. मी लाकडाकडे वळलो. आधी लाकडी फळी असून नंतर दगड बसवला असेल, तर जुन्या खिळ्यांची भोकं सापडतात. मी गुडघे टेकून शोधली. एकही नव्हतं. शेवटची आशा एका कोपऱ्यात होती. दगडाला तिथे केसाएवढी चीर गेली होती. खालच्या लाकडावर बरोबर त्याच जागी, त्याच वळणाचा काळा डाग होता. इतकी वर्षं त्या चिरेतून थेंब थेंब पाणी झिरपलं होतं. हे दोघं एकमेकांचेच होते.

ती दोघं नवरा-बायको माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. 'डुप्लिकेट' हा शब्द माझ्या जिभेवर अगदी तयार होता.

पण त्याच्यापेक्षा माझ्याकडे जास्त असं आयुष्यात एकच होतं, ही नजर. तीही त्या टेंपोत टाकून दिली असती, तर मग त्याच्यासमोर मी कोण उरलो असतो?

"मूळचाच हाय," मी म्हणालो. कुणी गेल्याचा निरोप द्यावा तशा आवाजात.

"आवं, पर एवडी मानसं नवा म्हनत्यात की," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

"त्यास्नी काय कळतंय?" तो म्हणाला. "ह्यो शाळंपास्नं माझ्यावर जळतोय. नवा आसता तर ह्येनं नाचत सांगितलं आसतं. ह्यो मूळचा म्हनला म्हंजी मूळचाच. म्हनून तर ह्येला बोलावला."

आज ऊन फार आहे, असं म्हणावं तसं तो हे बोलला. माझे कान तापले. दर जत्रेला मी बंगल्याचं तोंडभरून कौतुक केलं होतं, त्याच्या गाडीला हार घातला होता, त्याची प्रगती ऐकताना मान डोलवली होती. मला वाटलं होतं, आतलं कुणाला दिसत नाही.

"धर रं गड्या त्या बाजूनं," तो म्हणाला. "बोटं संबाळ."

आम्ही दगड जागेवर बसवला. त्यानं वर टीव्ही ठेवला. वहिनींनी पानं वाढली. पहिलं ताट माझ्यापुढे आलं, रस्सा वरपर्यंत, मला आवडते ती नळी त्यात.

संध्याकाळी रिकामा टेंपो घेऊन निघालो. कोरेगाव मागे पडेपर्यंत मी एकाच गोष्टीवर धुमसत होतो. शाळेपासून त्याला सगळं ठाऊक होतं, आणि तरी दर वर्षी ते ताट त्यानं माझ्यापुढे ठेवलं. बंगला त्याला, गाडी त्याला, दगडासकट वॉशस्टँड त्याला. आणि एवढं मोठं मन, तेही त्यालाच.