व्हर्लिनने ठोकलेला सात

रात्रभर पाऊस पडता पडताच गोठला होता. जत्रेच्या मैदानावरच्या पत्र्याच्या हॉलसमोर बर्फाची काच पसरली होती आणि व्हर्लिन प्रुइट सकाळी सहापासून तिथे बर्फ वितळावा म्हणून मीठ फेकत होता. ओहायोत फेब्रुवारीत दुसरं काय करणार! त्याचं वय शहात्तर. जन्म गेला कारखान्यात पोलादी ठसे घडवण्यात. तीस वर्षं आमच्या बंदूक-मेळाव्यात दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रायफलींचं खरं-खोटं तोच सांगायचा. रायफलीसोबत मांडायच्या कार्डावर त्याची सही झाली की विषय संपला.

माझं जुन्या चामडी पट्ट्यांचं टेबल त्याच्या शेजारीच असायचं. त्या दिवशी त्याचं डोकं सकाळपासूनच फिरलेलं. एका बाईच्या नवऱ्याने मेळाव्याला न्यायची म्हणून रायफलीचा लाकडी दस्ता घासूनपुसून, जुन्या खुणा घालवून त्यावर व्हार्निश मारलं होतं.

"चमकतेय ना?" बाई कौतुकाने म्हणाल्या.

"चमकतेय की! आता चार खुर्च्या घ्या, जेवायला बसू."

मग रॉडनी टॅकेट आला. त्याचा बाप हार्मन, व्हर्लिनचा जिवलग दोस्त, शरद ऋतूत गेला होता. रॉडनीने घोंगडी उलगडली. आत आजोबांनी जर्मनीतून आणलेली रायफल.

"व्हर्लिनकाका, सही करा. सगळे नंबर जुळतात. बाबांच्या नावाने मांडायचीय."

रायफलीवरचा आणि तिच्या बोल्टावरचा, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या दांड्यावरचा, नंबर जुळणं ही आमच्याकडे फार मोठी गोष्ट. जर्मन शरण आले तेव्हा रायफलींचा ढीग एकीकडे लागला, त्यांच्या बोल्टांचा दुसरीकडे. आपल्या पोरांनी या ढिगातली एक रायफल उचलली, त्या ढिगातला एक बोल्ट. त्यामुळे बहुतेकांच्या घरी रायफल एकाची, बोल्ट दुसऱ्याचा.

व्हर्लिनने बोल्ट ओढून बाहेर काढला, बघितला आणि पेन खाली ठेवलं.

"रॉडनी, हा नंबर मी ठोकलाय. चौऱ्याऐंशी साली, तुझ्या बापाच्या गॅरेजमध्ये. जुना कानशीने घासून काढला. सगळे चिडवायचे त्याला, परक्या बोल्टाचा टॅकेट म्हणून."

"काहीतरीच काय काका! वय झालं तुमचं. दुसरी कुठली तरी असेल."

मेळावा भरवणारा ड्वेन किसर भिंग घेऊन आला. बराच वेळ वाकून बघत राहिला.

"अस्सल आहे, व्हर्लिन. तूच शिकवलंस ना आम्हाला ओळखायला?"

"अरे लेका, मीच ठोकलाय म्हणतोय ना!"

"तू रात्री झोपला होतास का नीट?"

आजूबाजूचे हसले. व्हर्लिनने टोपी डोक्यावर आपटली आणि त्या निसरड्या रस्त्याने गाडी काढून घरी गेला. अर्ध्या तासाने परतला तो तंबाखूचा जुना डबा घेऊन. डब्यात आकड्यांचे ठसे. शिशाच्या तुकड्यावर त्याने हातोडीने सात ठोकला. साताच्या पायाचा टवका उडालेला होता. बोल्टावरच्या साताचाही तसाच. भिंग हातोहात फिरलं आणि एकेकाचं हसू मावळत गेलं.

"म्हणजे आजोबांची रायफल खोटी?" रॉडनीने विचारलं.

"रायफल खरी. आजोबाही खरे. बोल्टसुद्धा खराच होता रे, कुठल्यातरी दुसऱ्या शिपायाचा. मीच त्याची वाट लावली."

"मग जुना नंबर काय होता?"

व्हर्लिनने घासलेल्या जागेवर अंगठा फिरवला. जुना नंबर कुणीच लिहून ठेवला नव्हता. रॉडनीने कोरं कार्ड खिशात घातलं, रायफल घोंगडीत गुंडाळली आणि निघून गेला.

तेवढ्याने संपलं असतं तर बरं झालं असतं. किसरने विचारलं, "असे आणखी किती केलेस?"

"हा एकच."

"एकच कशावरून?"

दुपारपर्यंत त्याच्या टेबलावर सहा रायफली येऊन पडल्या. सहाही त्यानेच सही करून खऱ्या ठरवलेल्या. "बघ रे, माझ्या बोल्टावरचा नंबरही तूच ठोकलायस का?" आदल्या महिन्यात त्याला कॉफी पाजणारे आता डोळे बारीक करून बघत होते. तो प्रत्येक बोल्टाला भिंग लावून, हा मी ठोकलेला नाही, असं सांगत होता आणि समोरचा मान हलवत होता, होकाराची नव्हे.

"ठोकलेला दाखवला रे तुम्हाला," शेवटी तो ओरडला, "न ठोकलेला कसा दाखवू?"

किसरने हळूच त्याच्या पुढ्यातला कोऱ्या कार्डांचा गठ्ठा उचलला.

मीच त्याला घरी सोडलं. रस्ताभर तो दातओठ खात नंबर आठवत होता. "तीनाने सुरू व्हायचा. नाही, आठाने. च्यायला!"

दारात आर्डिथवहिनी होत्या. "लवकर आलात? बरं झालं. कोंबडी शिजत आलीय, नूडल्सही लाटून झाल्यात. तेवढे बटाटे सोलून द्या."

तो कोटासकट स्टुलावर बसला. पातेलं पायांत धरलं आणि सोलायला लागला. सालं जाड निघत होती.

"अहो, बटाटा उरू द्या थोडा," वहिनी म्हणाल्या.

त्याने सुरी जरा आडवी धरली आणि दुसरा बटाटा उचलला.