बोकडाला परवाना दाखवणारे मामू

जनावराच्या गळ्यात दोरी टाकण्याआधी मामू खिशातून कागद काढायचे आणि त्या जनावराच्या डोळ्यांपुढे धरायचे. "देख बाबा, परवाना हाये. मी चोर न्हाई." गाई-म्हशी मान फिरवायच्या. बकऱ्या कागद खायला बघायच्या. एकदा कोपरा गेला, तेव्हापासून मामू दरवर्षीचा नवा कागद हिंगोलीला जाऊन लॅमिनेट करून आणायचे.

मामू म्हणजे आमच्या जवळा बाजारच्या कोंडवाड्याचे ठेकेदार. कुणाच्या पिकात, पंचायतीच्या रोपांत शिरलेलं जनावर धरायचं, कोंडायचं आणि मालकानं पंचायतीत दंड भरला की सोडायचं. दंडातला हिस्सा मामूंचा. गावात सगळ्यांत जास्त जनावरं कुणाची धरली गेली, हे मला विचारू नका. माझा धंदा बकऱ्यांचा. एका शेळीपासून स्वतःच्या जिवावर उभा केलेला. भाव करताना मी सख्ख्या भावालाही सोडत नाही. आणि हा माणूस माझ्या बकऱ्या भाव न करताच घेऊन जायचा.

मी लुटारू म्हणालो की मामू खूश व्हायचे. तरुणपणी ते आखाताकडे बकऱ्या नेणाऱ्या बोटीवर राखणीला होते. तिथल्या म्हाताऱ्या तांडेलानं त्यांना समुद्रावरच्या जुन्या लुटारूंच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्या ते आमच्या चहाच्या टपरीवर सांगायचे, जिथे निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नाही. लुटारू दोन प्रकारचे, असं ते म्हणायचे. चाचे दिसेल त्याला लुटणार. दुसरे परवानेवाले. लढाई चालू असली की राजा त्यांना कागद देणार, ते फक्त दुश्मनाचं जहाज धरणार आणि धरलेलं जहाज बंदरात आणून अदालतीपुढे उभं करणार. अदालतीनं निकाल दिला की मग हिस्सा. तोवर मालाला हात लावायचा नाही. म्हणून मामू कोंडलेल्या शेळीचं दूध मालकाला बोलावून त्याच्याच हातानं काढायला लावायचे. चारा मात्र स्वतःच्या घरचा घालायचे.

"पण ज्याचं जहाज गेलं त्याला काय फरक?" मी एकदा चिडून विचारलं.

"त्याला न्हाई शेठ. फरक लुटणाऱ्याला. धरला गेला तर कागदवाला कैदी. बिनकागदवाला फासावर."

टपरी हसली. माझा चहा तसाच गार झाला.

मग तो बाजाराचा दिवस. माझा काळा उस्मानाबादी बोकड घ्यायला हिंगोलीहून गिऱ्हाईक गाडी घेऊन येणार होतं. बाटलीनं दूध पाजून वाढवलेला बोकड, तसा परत झाला नाही. सकाळी त्यानं दावं तोडलं आणि सरळ पंचायतीच्या रोपांत शिरला. मी पोचलो तेव्हा तो कोंडवाड्यात उभा राहून मामूंच्या हातची ज्वारीची भाकर खात होता. पंचायतीला सुट्टी, दंड घ्यायला कुणी नाही. दंड नाही तर सुटका नाही. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. थोडा वेळ थांबतो म्हणालं, नाहीतर औंढ्याकडे दुसरा बोकड बघतो.

मी काय काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. निम्मा बाजार दुकानं सोडून गोळा झाला. मामूंनी शांतपणे कागद काढला आणि बोकडापुढे धरतात तसाच माझ्या नाकापुढे धरला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच वाचला. मुदत काल संपली होती. नव्या लिलावाचा कागद अजून निघायचा होता.

"मामू, राजाचा कागद काल मेला," मी म्हणालो. "आज तुमी कोण?"

मामूंचा चष्मा घरी होता. चहावाल्यानं मुदतीची तारीख मोठ्यानं वाचून दाखवली. मामूंचा चेहरा पडला. मग पोट हलायला लागलं आणि हसता हसता ते खालीच बसले. तह झाल्याची खबर दर्यात उशिरा पोचायची म्हणे, आणि बिचारे परवानेवाले तोवर जहाजं धरतच राहायचे. ते उठले, बोकडाला बाहेर काढलं, स्वतः आत गेले आणि आतून कडी घातली.

"बोकड सुटला शेठ. चाचा धरला गेला."

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. मी दोरी ओढली तर बोकड हलेना. फाटकावर पुढचे पाय टेकून तो मामूंकडे बघत ओरडत होता. मी बाटलीनं दूध पाजलेला बोकड एका भाकरीवर फिरला. ही तक्रार माझी आजही आहे, कुणी समजूत घालू नये. गिऱ्हाईक डोळे पुसत म्हणालं, मामूंनाच पुढं चालवा, हा मागं येईल.

म्हणजे मलाच त्यांना सोडवायचं होतं. मामू म्हणाले, चाच्याला माफी लागते, इथं राजा नाही, तेव्हा ज्याला लुटलं त्यानंच ती चारचौघांत द्यायची. मी लगेच भाव सुरू केला. माफी देतो, पण मागच्या सगळ्या बकऱ्यांची माफी तुम्ही आधी मागा.

"ती न्हाई मागणार. तवा कागद होता."

"मग बसा आत."

"बसून राहिलो की," म्हणत त्यांनी उरलेली भाकर खायला घेतली.

गिऱ्हाइकानं गाडी चालू केली. मी माफ केलं म्हणालो. मागच्यांना ऐकू आलं नाही, म्हणून मामूंनी पुन्हा म्हणायला लावलं. मामू ऐटीत बाहेर आले, गाडीपर्यंत चालत गेले आणि बोकड त्यांच्या मागून नवरदेवासारखा निघाला. नवा कागद आला त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या दोन शेळ्या धरल्या.

गेल्या हिवाळ्यात मामू गेले. मी मयतीला गेलो, मागे उभा राहिलो. नमाजाआधी त्यांचा मुलगा पुढे आला आणि रिवाजाप्रमाणे म्हणाला, अब्बांकडून कुणाला तकलीफ झाली असेल, कुणाचं काही नेलं असेल, तर माफ करा. सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. मुलगाही हात जोडून माझ्याकडेच बघत होता.

माझं डोकं तापलं. बाप गेल्यावर त्याला चाचा ठरवायला निघाला होता.

"माफी काहून मागतो रे?" मी म्हणालो. "त्यांच्याकडं कागद होता. एक दिवस नव्हता, तेवढं मी तवाच माफ केलं."