भाऊंची तिसरी कॅसेट

१. चौदा वर्षांपूर्वी शिमग्याच्या चार दिवसांत वसंतभाऊंनी डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावर सिनेमा केला. वीटभट्टीवरून होळीसाठी घरी आलेल्या एका कुटुंबाची सुट्टी, एवढीच त्याची गोष्ट.

२. चित्रीकरण तीन छोट्या कॅसेटवर झालं.

३. पहिल्या दोन कॅसेट संगणकावर उतरवल्या. संगणकात जागा उरली नव्हती, म्हणून तिसरी राहिली.

४. तिसऱ्या कॅसेटवर मुरबाडचं एक लग्न चित्रित झालं. सिनेमाचा शेवट पुसला गेला.

५. ‘शेवट माझ्या हातून पुसला गेला,’ असं भाऊ तेव्हापासून सांगत आले आहेत.

६. ती कॅसेट त्यांच्या हातात मी दिली होती.

अमृतमहोत्सवी ग्रंथातला लेख असा सुरू होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण या सहा ओळी आधी लिहिल्याशिवाय पुढचं काहीही अचूक होणार नाही.

भाऊंची आणि माझी ओळख एका पासपोर्ट फोटोमुळे झाली. मी आसनगावची. कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला होते आणि परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो हवा होता. शहापूरच्या बाजारपेठेत भाऊंचा स्टुडिओ आहे. फोटो काढून झाला आणि त्यांचा संगणक अडकला. भाऊंनी त्याच्या डोक्यावर दोन थापा मारल्या. मी आत जाऊन अनावश्यक फाइली पुसल्या आणि तो सुरू करून दिला. भाऊ म्हणाले, “हे मशीन तुझं ऐकतंय गो. माझं तर माझ्या बायकोइतकंपण ऐकत नाय. उद्यापासून येशील?” मी सुट्टीपुरती म्हणून गेले आणि तीन वर्षं राहिले.

भाऊ लग्नांचं शूटिंग करत. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या किती घरांत त्यांनी काढलेल्या कॅसेट आणि सीडी आहेत, याची मोजदाद कोणी केलेली नाही. त्यांचा एक नियम होता. लग्नाला आलेला प्रत्येक माणूस एकदा तरी दिसला पाहिजे. शेवटच्या पंगतीला बसलेले, चुलाण्यापाशी घामाघूम झालेले आचारी, मांडवाबाहेर चपला राखणारी म्हातारी, सगळे. संकलन करताना मी असे तुकडे कापू लागले की ते मागून म्हणत, “ठेव ते. नवरानवरी काय, एकमेकांना रोज बघतील. तो माणूस कॅसेटमध्ये स्वतःला शोधणार आहे.”

हा नियम किती उपयोगाचा होता, ते मला नंतर कळलं. माझे वडील गेले तेव्हा आमच्याकडे त्यांचा हलता-बोलता असा एकही तुकडा नव्हता. तेराव्याला भाऊ आले, चहा घेतला. जाताना एक सीडी ठेवून गेले. त्यांनी जुनी लग्नं चाळून त्यांतून माझे वडील वेचून काढले होते. सात लग्नं मिळून चार मिनिटं. एकात ते जिलबी वाढत होते. एकात टॉवेलला हात पुसत कोणावर तरी हसत होते. भाऊंनी त्याला संगीत लावलं नव्हतं. त्या घरातल्या भांड्यांचा, माणसांचा जो आवाज होता, तोच ठेवला होता.

आता सिनेमाविषयी.

पाड्यावरची बरीचशी कुटुंबं दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात आणि होळीला घरी येतात. होळी पेटते, शिमगा खेळून होतो, मुकादमाचा ट्रक येतो, माणसं परत जातात. भाऊ म्हणायचे, “शहरातली माणसं सुट्टीला घर सोडतात. ही माणसं सुट्टीला घरी येतात. यावर सिनेमा का नाय कोणी काढत?” मग त्यांनीच काढला. जनीबाई, तिचा नवरा, नऊ वर्षांची सुमी आणि तिचा धाकटा भाऊ. बंद घर उघडायचं, जाळी काढायची, जमीन सारवायची, शेजारी ठेवलेली शेळी परत आणायची, होळीसाठी लाकडं गोळा करायची.

या माणसांनी कॅमेरा पाहिलेला तो फक्त लग्नांत. त्यामुळे कॅमेरा वळला की जनीबाई पदर सावरून हात जोडायची आणि तिचा नवरा आहेर देताना उभे राहतात तसा ताठ उभा राहायचा. मी भाऊंना म्हटलं, “यांना सांगा ना, कॅमेऱ्याकडे बघू नका म्हणून.” भाऊ म्हणाले, “घरी पाहुणा आलाय आणि त्याच्याकडं बघायचं नाय? ही कुठली रीत?” त्या सिनेमात सगळे आपल्याकडे बघतात, सारवतानासुद्धा.

चौथ्या दिवशी माझी परीक्षा होती, म्हणून मी पाड्यावर गेले नाही. भाऊ एकटेच होते. त्यांनी नंतर सांगितलं ते असं. ट्रक येऊन उभा होता, इंजिन चालू होतं. जनीबाईने कुलूप लावलं. सगळे ट्रककडे निघाले. सुमी अर्ध्या वाटेतून मागे आली, अगदी कॅमेऱ्याजवळ, आणि काहीतरी बोलली. एक शब्द नव्हे, चांगलं लांबलचक. मग पळाली. इंजिनाच्या आवाजात भाऊंना काही ऐकू आलं नाही. कॅसेटवर ऐकू, असं ते म्हणाले.

स्टुडिओत लग्नाच्या कॅसेटवर वधूवरांची नावं लिहिलेली असत. काम पूर्ण झालं की भाऊ नावाची पट्टी सोलून टाकत. नाव नसलेली कॅसेट म्हणजे पुन्हा वापरायची, ही पद्धत. सिनेमाला नाव ठरलं नव्हतं. तिसऱ्या कॅसेटवर पट्टी नव्हती, फक्त कोपऱ्यात पेनाने ‘३’ लिहिलं होतं. मुरबाडच्या लग्नाला निघताना भाऊंनी हात पुढे केला आणि मी ती दिली. आकडा मी पाहिला होता. तिसऱ्यांदा वापरायची असेल, असं मला वाटलं.

लग्न संगणकावर उतरवताना मला कळलं. वरात संपली, पडदा काळा झाला आणि मग कॅसेटच्या शेपटाला जुनं चित्र आलं. बेचाळीस सेकंद. कुलूप लावलेलं दार, रिकामं अंगण, एक कोंबडी. माणूस कोणी नाही. ट्रकचा आवाज लांब जात असलेला.

मी भाऊंना बोलावलं. त्यांनी उभ्यानेच पाहिलं. मग विचारलं, “लग्न नीट आलंय ना?”

“हो.”

“मग ते आधी कापून घे. त्यांची माणसं वाट बघतायत.”

मी म्हटलं, “भाऊ, कॅसेट मी दिली.”

“कॅमेऱ्यात कोणी घातली?” ते म्हणाले, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेले. तो विषय आमच्यात तिथे संपला. ते जोडपं कोणतं, हेही त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांच्या लग्नाला उगाच ठपका नको, असं त्यांचं म्हणणं.

पुढच्या शिमग्याला पाड्यावरच्या शाळेत, भर दुपारी, खिडक्यांना गोणपाट लावून भाऊंनी दोन कॅसेटींचा सिनेमा दाखवला. होळी पेटते तिथे तो थांबला. भाऊ टीव्हीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, “पुढचं होतं. माझ्या हातून पुसलं गेलं. माफी करा.”

जनीबाई म्हणाली, “बरं झालं भाऊ. आमी जातो ते कशाला बघाचं?”

सगळे हसले. मग भाऊंनी सुमीला जवळ बोलावलं. “तू काय बोलली होतीस गो तवा? मला ऐकूच आलं नाय.”

सुमी आईच्या मागे गेली. तिथून म्हणाली, “तुमी पुसलं ना? मग नाय सांगत.”

“अगं, म्हातारा माणूस, चुकला!”

“नाय म्हंजे नाय.”

भाऊंनी स्वतःचे कान धरले. पोरं ओरडायला लागली. मी भिंतीशी टीव्हीची वायर गुंडाळत होते. एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोलले नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी ते कुटुंब आलं नाही. कोणी म्हणालं वाशिंदकडच्या भट्टीवर आहेत, कोणी म्हणालं पनवेलकडे गेले. भाऊ दर होळीला पाड्यावर जाऊन विचारतात. त्या घराचे वासे आता कोणी काढून नेले आहेत.

मी सध्या ठाण्याला मुलांसाठी शैक्षणिक गेम बनवणाऱ्या एका ऑफिसात काम करते. दोन वर्षांपूर्वी मी भाऊंच्या सिनेमावर गेम करायचं सुचवलं आणि ते मान्य झालं. आश्रमशाळांतल्या मुलांना टॅबवर खेळता येईल असा तो आहे. खेळणारं मूल म्हणजे सुमी. तिच्याकडे चार दिवस आहेत. भाऊंनी परवानगी दिली, पण लेखी नाही. “माझं काय आहे त्यात? त्या पोरीचं आहे. तिची घे,” असं म्हणाले.

भाऊंना काचबिंदू आहे. नजरेचं वर्तुळ दर वर्षी आवळत चाललं आहे आणि गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. भाऊ सांगतात, “झूम अडकलाय. आत जातो, बाहेर येत नाय.” मी पहिला नमुना घेऊन गेले तेव्हा त्यांनी टॅब नाकाजवळ धरून कोपऱ्या-कोपऱ्याने पाहिला. सारवणं आवडलं. शेळी आवडली. मग म्हणाले, “माझ्याकडं कोणीच बघत नाय गो. भांडण झालंय का आपलं?”

मी पात्रं नेहमीच्या पद्धतीने केली होती. ती आपापल्या कामाकडे बघत होती. मूल जवळ आलं की पात्राने मान वळवून पडद्याबाहेर पाहायचं, हा बदल करायला मला दोन दिवस लागले. चाचणीत मुलांना सर्वांत जास्त तेच आवडलं. एका मुलाने जनीबाईला हात जोडून दाखवले.

अडचण चौथ्या दिवसाची आहे. चाचणीच्या वेळी एका मुलीने सगळी कामं भराभर उरकली. मग पडद्यावर बोचकी बांधलेली आली आणि कुलपाचं बटण आलं. तिने ते दाबलं नाही. मी विचारलं, “काय झालं?” ती म्हणाली, “मी नाय जात. इथंच बसते.” गेममध्ये बसून राहण्याची सोय नव्हती. गेम नुसता थांबून राहिला आणि तीही. तास संपला तेव्हा तिने टॅब पालथा ठेवला.

ऑफिसने शेवट सुचवला आहे. ट्रक रिकामा परत जातो, शाळेची घंटा वाजते, कुटुंब राहतं. तो तयार करून ठेवला आहे. तांत्रिकदृष्ट्या त्यात काही दोष नाही. मी तो भाऊंना दाखवला. त्यांनी पूर्ण पाहिला, आणि माझं मन राखायचं म्हणून घंटेचा आवाज छान आहे असं म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “पण ती काय बोलली होती, ते यात नाय ना.”

पंचाहत्तर वर्षांच्या माणसाचा गौरव करताना त्यांची कमाई सांगतात. भाऊंची कमाई दोन तालुक्यांतल्या कपाटांत आहे. ज्यांच्याकडे त्यांनी काढलेली लग्नं असतील त्यांनी ती एकदा काढून बघावीत. गेलेली माणसं तिथे जेवताना, वाढताना, आपल्याकडे बघताना सापडतील. याखेरीज त्यांच्याकडे दुसऱ्याची एक चूक आहे. ती त्यांनी चौदा वर्षं स्वतःच्या नावावर ठेवली आणि मी ठेवू दिली. एका नऊ वर्षांच्या मुलीचा रागही त्यांनी त्यापायी घेतला. तो त्यांचा नव्हता.

भाऊ, तुम्ही शंभरी गाठाल, तब्येत तशी काटक आहे. माझी इच्छा त्याहून लहान आणि अधिक नेमकी आहे. नजर पुढच्या होळ्यांना पुरो. निदान या होळीला पुरो.

आता वाचकांना विनंती. सुमी आता तेवीस वर्षांची असेल. डाव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण आहे, आईचं नाव जनीबाई. शहापूर, मुरबाड, वाशिंदकडे कोणाच्या माहितीत असेल तर तिला एवढं सांगावं: कॅसेट भाऊंनी पुसली नाही. मी पुसली. ट्रक निघताना ती काय बोलली, ते भाऊंना न सांगण्याचं कारण आता उरलेलं नाही. सांगायचं नसेल तर तसं कळवलं तरी चालेल, मग गेममध्ये ते बेचाळीस सेकंद तसेच ठेवेन, रिकामे.

गेम होळीनंतर शाळांना द्यायचा आहे. निरोप येत्या होळीच्या आधीच्या शनिवारपर्यंत शहापूरच्या स्टुडिओत द्यावा.