मजा म्हणजे चव

आमच्या घरी मजा हा शब्द चांगला नव्हता. लहानपणी मी ओट्यावर नुसता बसलेला दिसलो की वडील विचारायचे, "मजा मारी राह्यना का?" हो म्हणायची सोय नव्हती. सुरतला आलो तर इथे 'केम छो' विचारलं की जो तो 'मजामा' म्हणतो. मला ते म्हणायला बारा वर्षं लागली, बायकोला आठवडा.

मागच्या हिवाळ्यात तापानंतर तिची चव गेली. साखर आणि मीठ तिला सारखंच लागायचं. डॉक्टर म्हणाले, येईल, पण कधी ते सांगता येत नाही. शेजारणीला ती दारातून 'मजामा' म्हणायची आणि आत येऊन ताट बाजूला सरकवायची.

त्याच दिवसांत मी मुलीचा शब्दकोश उघडला. मजा हा शब्द फारसीतून आलेला. तिकडे त्याचा मूळ अर्थ चव. जिभेला कळणारं सुख आधी, बाकीची सुखं त्यामागून. हे मी बायकोला सांगितलं नाही.

तापातून उठून ती पुन्हा स्वयंपाकाला लागली, त्या पहिल्या दिवशी तिने भाजी पुढे करून विचारलं, "मीठ?" मी म्हणालो, "किंचित कमी." तिने पळी खाली ठेवली. "उद्यापासून पोरीला करू द्या."

दुसऱ्या दिवशी तिला कसंबसं चुलीशी आणलं आणि तेव्हापासून रोज 'बरोबर' म्हणू लागलो. पण माझं ते एक 'कमी' तिच्या हातात बसलं होतं. मीठ वाढत गेलं. गिरणीत मी कापडातले दोष मीटरमागे मोजतो. घरात रोज खारट भाजी पास करून तीन पेले पाणी प्यायचो. मुलीलाही डोळ्यांनी गप्प केलं होतं.

त्रेसष्टाव्या दिवशी, रविवारी दुपारी, तिने शेवभाजीत भाकरी बुडवून घास घेतला आणि थांबली.

"इतलं खारं!"

मुलीने माझ्याकडे बघितलं, मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"अन् तुम्ही दोन महिने बरोबर म्हणत होते? जीभ तुमची गेली होती का माझी?"

मुलगी हसता हसता रडायला लागली. बायकोने सगळ्यांची ताटं उचलली, रस्सा वाढवला, पुन्हा उकळला, पळीतून स्वतः चाखला. मग अजून एकदा चाखला, गरज नसताना, डोळे मिटून.

मला तेव्हा वडील आठवले. त्यांनी त्या दुपारी तेच विचारलं असतं, तर मी हो म्हणालो असतो.