नेलपॉलिशची रेघ

सोनई रस्त्यावरच्या माझ्या चहाच्या टपरीवर एक ट्रकवाला रोज यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. चहाआधी तो चाकापाशी वाकायचा. ब्रेकच्या कॅलिपरचा, म्हणजे चाक थांबवणाऱ्या चिमट्याचा, बोल्ट आवळला की तो बोल्टावरून कॅलिपरपर्यंत नेलपॉलिशची लाल रेघ ओढायचा. बोल्ट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसणार. बाकीचे ड्रायव्हर हसायचे, "बायकोची बाटली पळवली का रं?"

एका सकाळी रेघ तुटलेली होती. त्यानं ट्रकच्या मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, शेवगाव जवळच आहे, हळूहळू ये.

"हळू आलो तरी थांबावं लागंलच की, मालक. मिस्त्री हितंच पाठवा." एवढं बोलून त्यानं चाकाला दगड लावला आणि चहाला बसला.

दुसऱ्या दिवशी त्या हसणाऱ्यांतला एक खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, तुमच्याकडं नेलपॉलिश हाय का?"