ऐकायला आणि वाचायला शिकवणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई मेश्राम यांना मी प्रथम पाहिले ते मध्य प्रदेशातल्या लांजीजवळच्या आमच्या प्राथमिक शाळेत, पहिलीच्या वर्गात. मी नव्याने रुजू झालेली शिक्षिका होते. ताईंचे शिकवणे मागे बसून पाहा, असे मुख्याध्यापकांनी सांगितले होते. फळ्यावर 'कमल' लिहिलेले होते. एक चिमुरडी उठली आणि ठसक्यात वाचू लागली, "कबूतर, मछली, लट्टू."

अक्षरतक्त्यावरच्या चित्रांची नावेच ती म्हणत होती. मला हसू आले. ताई मात्र गंभीर होत्या. "चित्रं झाली, बाई. आता मले नुसता आवाज सांग." क, म, ल हे आवाज त्यांनी हळूहळू जवळ आणले आणि मुलीच्या तोंडून शब्द उमटला.

आमच्याकडची मुले घरी मराठी बोलतात आणि पुस्तक हिंदीत असते. म्हणून ताई सुरुवात करतात ती नाक, कान, मामा अशा दोन्हीकडे चालणाऱ्या शब्दांनी. वर्णमाला तोंडपाठ म्हणून घेण्याची त्यांना घाई नसते. यावरून वरिष्ठांची बोलणी त्यांनी अनेकदा खाल्ली, पण पद्धत सोडली नाही.

त्यांच्या वर्गात रोशनी नावाची मुलगी होती. प आणि ब, त आणि द यांत तिचा नेहमी गोंधळ व्हायचा. पुढे ती बोलेनाशीच झाली. एके दिवशी तिचे वडील डुलीचंदभाऊ तिला शाळेतून काढायला आले.

"बहनजी, हे पोरगी काई शिकत नाही. घरी बकऱ्या राखाले कोनी नाही. काहून तिचा टाइम घालवता?"

"भाऊ, तिले येत नाही असं नाही. तिले आयकू येत नाही."

"घरी तं हाक मारली का येते!"

"तुमी समोरून मारता. एकदा पाठीमागून मारून पाहा."

रोशनी अंगणात पाठमोरी बसून मातीत रेघोट्या ओढत होती. वडिलांनी हाक मारली. मग अधिक मोठ्याने मारली. मुलीने मान वळवली नाही. डुलीचंदभाऊ मटकन पायरीवर बसले. त्यांच्याकडे पाहणे मला अवघड झाले.

त्याच आठवड्यात ताई बापलेकीला घेऊन बालाघाटच्या डॉक्टरांकडे गेल्या. रोशनीचे दोन्ही कान फार दिवसांपासून वाहत होते. औषधांनी एक कान बराचसा सुधारला, दुसरा सुधारला नाही. शाळेत ताई रोशनीचा एक हात आपल्या गळ्यावर आणि दुसरा तोंडासमोर ठेवीत. 'ब' म्हणताना गळा थरथरतो, 'प' म्हणताना नुसती तळहातावर फुंकर येते. जे कानाला कळत नव्हते ते मुलगी हाताने शिकू लागली. ती फार सावकाश शिकली. कधी रडली, कधी रुसली. ताईंचा आवाज चढलेला मी ऐकला नाही.

कानांच्या पुढच्या एका तपासणीच्या वेळी मीही सोबत होते. स्टँडवर बस येऊन उभी राहिली. रोशनी पुढची पाटी निरखत राहिली, ओठ हलले, हात गळ्याशी गेला. "बा... ला... घा... ट." मग वडिलांचा सदरा ओढत ती ओरडली, "बाबा, हेच गाडी आपली!"

डुलीचंदभाऊंना अक्षर येत नाही. आजवर ते प्रत्येक बसबद्दल कोणाला तरी विचारत आले होते. "हौ माय, हेच," एवढेच ते म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसत गाडीत चढले. रोशनी आज लांजीला मोठ्या शाळेत शिकते आहे.

माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ताईंनी माझा वर्ग आपल्या वर्गात बसवून घेतला. मी परतले तर माझी मुले धड्यात पुढे गेलेली! आभार मानू लागले तेव्हा त्यांनी मला खडू आणायला पिटाळले.

कुंदाताईंनी वयाची साठ वर्षे पूर्ण केली आहेत. आमच्याकडे शिक्षक बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतात, म्हणजे निवृत्ती आता फार दूर नाही. "बहनजी, रिटायर झाल्यावर गाव सोडू नका, आमच्या पोरायले सांजच्याले शिकवा," असे गावातल्या आयाबाया त्यांना आताच विनवीत आहेत. ताईंनी अजून उत्तर दिलेले नाही. त्यांचा आवाज असाच स्वच्छ राहो, गुडघ्यांचे दुखणे थांबो, शंभरी त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत गाठो, आणि त्या आयाबायांना त्या एकदाच्या 'हौ' म्हणोत.