ताऱ्यांना शेपटी

आधीच सांगतो, तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. रस्त्यावरचं उताऱ्याचं लिंबू उचलून घरी सरबत करणारा माणूस मी... त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

१९७३ चा जानेवारी. आम्ही श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला राहायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको मालती, मूलबाळ नाही. परसात मी दुर्बीण उभी केली होती. आरसा स्वतः घासलेला, स्टँड वेल्डरकडून करून घेतलेला, वर कॅमेरा बांधलेला. मृगातल्या तेजोमेघाचा फोटो हवा तर शटर वीस मिनिटं उघडं ठेवावं लागे. तेवढ्या वेळात आकाश सरकतं, म्हणून त्याच्या मागे दुर्बीणही हातानं सरकवायची — नाहीतर ताऱ्यांच्या नुसत्या रेघा उमटतात. मी डोळा लावून "फिरव" म्हणायचो आणि मालती अंधारात स्टँडचा स्क्रू फिरवायची.

तिची एक खोड होती. सुरुवातीला स्क्रू जरासा उलटा फिरवायची, मग सुलटा. त्यामुळे फोटोत प्रत्येक ताऱ्याला एकाच बाजूला बारीक शेपटी यायची. मी चिडायचो.

"अहो, आधी मागं घेतल्याबिगर त्यो धरतच न्हाई," ती म्हणायची.

मी ऐकून घ्यायचो नाही. मला एक स्वच्छ फोटो हवा होता, बस. शेपटीवाले कितीतरी फोटो मी तिच्यादेखत फाडले. मग आदल्या पावसाळ्यात — पाऊस न झालेल्या त्या पावसाळ्यात — तिला कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत ती गेली.

जानेवारीत मी नवा रोल घातला. खोटं कशाला बोलू, तिच्याशिवाय आपल्याला जमतं का, तेच बघायचं होतं. शटर उघडलं, डोळा लावला आणि सवयीनं बोलून गेलो — "फिरव."

पलीकडे कोणी नव्हतं. त्या स्क्रूला हात लावावासाच वाटेना. उठलो, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर परसाकडे पाठ करून बसलो आणि रडलो. तिच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच. वीस मिनिटांनी, निव्वळ सवयीनं, जाऊन शटर बंद केलं. फोटो वाया गेला हे ठाऊक होतं.

रोल मी श्रीरामपूरला वसंतरावांच्या स्टुडिओत धुवायला द्यायचो. स्क्रू मालती फिरवते हे त्यांना ठाऊक होतं, पण बरेच महिने तिकडे गेलो नव्हतो, त्यामुळे ती गेल्याचं माहीत नव्हतं. आठवड्यानं गेलो, तर त्यांनी हसतच पाकीट पुढं केलं.

"सर, ह्या बारीला मेघ लई झ्याक आलाय. पन शेपट्या हायेतच. बाईंनीच फिरवलं न्हवं?"

मी फोटो बघितला. एकही रेघ नाही. तारे टिंबासारखे, आणि प्रत्येकाला त्याच बाजूला तीच बारीक शेपटी.

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

नंतर स्क्रूला हात न लावता मुद्दाम दोन फोटो काढले. दोन्हीत रेघा. परसाला निवडुंगाचं कुंपण, आत यायला वाट एकच, स्वयंपाकघरातून — आणि त्या रात्री त्या दारात मीच बसलो होतो. मागे कसला आवाजही झाला नव्हता. पन्नास वर्षं डोकं खाजवतोय, उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा. तो फोटो मात्र मी फाडला नाही.

त्या उन्हाळ्यात एकदा मी स्वतःच स्क्रू फिरवायला बसलो. सुलटा फिरवला, तर नुसताच फिरला, दुर्बीण हलेना. जरा मागं घेतला... आणि लगेच धरला. मालतीचं बरोबर होतं. हे मला तिला सांगायचं होतं आणि घरात मी एकटा होतो.